दिवा लागला म्हणजे सेन्सर गेला असे नाही

वर्धा, सेलू, देवळीकडच्या गाडीवाल्यांची एक तक्रार ठरलेली असते. गावात गाडी कितीही फिरवा, काही होत नाही. नागपूरला निघालो की अर्ध्या वाटेत चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो. मिस्त्री स्कॅनर लावतो, कोड पुसतो, दिवा जातो. पुढच्या नागपूर फेरीला तो पुन्हा लागतो. मग कोणीतरी सांगतो, ‘ऑक्सिजन सेन्सर गेला.’ काही हजार रुपये मोजून सेन्सर बदलला जातो आणि थोड्याच दिवसांत दिवा परत येतो. शेवटी कंटाळून मालक त्या दिव्याकडे बघणेच सोडून देतो. हे सगळ्यात वाईट, कारण मूळचा बिघाड तसाच राहतो आणि काही महिन्यांनी त्याचे बिल कित्येक पटींनी मोठे होऊन येते.

दिवा नागपूरच्या रस्त्यावरच का लागतो, याचे उत्तर इंजिन चालवणाऱ्या संगणकाच्या कामाच्या पद्धतीत आहे. ईसीयू नावाचा हा संगणक काही तपासण्या सतत करत असतो: ठिणगी चुकते का, पेट्रोलचे प्रमाण हाताबाहेर जाते का, एखादी वायर तुटली आहे का. बाकीच्या तपासण्या मात्र ठरावीक परिस्थिती असेल तरच होतात. इंजिन पूर्ण तापलेले हवे, वेग काही मिनिटे एकसारखा हवा, ॲक्सिलरेटर स्थिर हवा. वर्धा स्टेशनपासून सेवाग्रामच्या दवाखान्यापर्यंत जेमतेम आठ किलोमीटर. त्यात चौक, गतिरोधक, गर्दी. एवढ्यात या अटी पुऱ्याच होत नाहीत. पवनार, सेलू मागे टाकून केळझरच्या पुढे गाडी वरच्या गिअरमध्ये एका लयीत धावू लागली, किंवा समृद्धी महामार्गावर चढली, की राहून गेलेली तपासणी पूर्ण होते आणि दोष सापडतो. बहुतेक दोषांच्या बाबतीत संगणक पहिल्यांदा नुसती नोंद करतो. पुढच्या तशाच फेरीत तोच दोष दिसला तर दिवा लावतो.

बॅटरीची पिन काढून लावली की दिवा जातो, हा आपल्याकडचा लोकप्रिय इलाज किती पोकळ आहे ते यावरून कळते. पिन काढली की कोडबरोबर तपासण्यांच्या सगळ्या नोंदीही पुसल्या जातात. संगणकाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते आणि त्यासाठी पुन्हा लांबची फेरी लागते. म्हणजे तो ‘इलाज’ पुढच्या नागपूर प्रवासापर्यंत टिकतो, कारण तोपर्यंत कोणी तपासलेलेच नसते. दोष खरोखर गेला असेल तर काही पुसावे लागत नाही. लागोपाठ तीन फेऱ्यांत तपासणी व्यवस्थित पार पडली की दिवा आपणहून विझतो.

आता ज्याच्यावर पहिला आळ येतो त्या ऑक्सिजन सेन्सरकडे वळू. हा बोटाएवढा भाग सायलेन्सरच्या नळीत आट्यांनी बसवलेला असतो. आत झिर्कोनियम डायऑक्साइड या चिनीमातीसारख्या पदार्थाची एक पोकळ टोपी असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना प्लॅटिनमचा पातळ थर. टोपीच्या बाहेरून इंजिनचा तप्त धूर जातो, आतल्या बाजूला बाहेरची साधी हवा असते, जिच्यात ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो. हा पदार्थ साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापला की ऑक्सिजनचे आयन त्यातून सरकू लागतात आणि दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनमध्ये जेवढी तफावत तेवढा विद्युत दाब तयार होतो. धुरात ऑक्सिजन जवळजवळ उरलाच नसेल, म्हणजे पेट्रोल जास्त पडत असेल, तर सुमारे ०.९ व्होल्ट. ऑक्सिजन बराच उरला असेल, म्हणजे पेट्रोल कमी पडत असेल, तर ०.१ व्होल्ट. तफावत आणि विद्युत दाब यांचे गणित जर्मन रसायनशास्त्रज्ञ वाल्टर नर्न्स्ट यांनी १८८९ मध्ये मांडले होते. झिर्कोनियम डायऑक्साइड तापवला की वीज वाहून नेतो, हा गुण वापरून त्यांनी पुढे दिवाही बनवला. मोटारीत तेच तत्त्व यायला १९७६ साल उजाडले. बॉश कंपनीने बनवलेला सेन्सर त्या वर्षी कॅलिफोर्नियाच्या कडक धूरनियमांसाठी व्होल्वो गाड्यांत बसला.

एवढा खटाटोप कशासाठी? सायलेन्सरच्या वाटेवर असलेल्या कॅटलिटिक कन्व्हर्टरसाठी. त्यातल्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम यांचा लेप असतो. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले पेट्रोल आणि नायट्रोजनचे ऑक्साइड या तिन्ही विषारी गोष्टी तो एकाच वेळी निवळू शकतो, पण त्याला हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण अगदी नेमके लागते. शुद्ध पेट्रोलसाठी ते वजनाने १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल असे आहे. हे प्रमाण सेकंदासेकंदाला सांभाळायचे तर धुराची खबर सतत मिळाली पाहिजे. ती देतो कन्व्हर्टरच्या आधीचा, वरचा सेन्सर. कन्व्हर्टरच्या नंतर बसवलेला खालचा सेन्सर मुख्यतः कन्व्हर्टर आपले काम करतो की नाही यावर लक्ष ठेवतो. हे दोन सेन्सर वेगळे आहेत, त्यांची कामे वेगळी आहेत, बऱ्याच गाड्यांत त्यांचे पार्ट नंबरही वेगळे असतात. ‘सेन्सर गेला’ असे कोणी म्हटले तर पहिला प्रश्न हाच विचारावा: कोणता, वरचा की खालचा?

आपल्या जिल्ह्यात याला आणखी एक पदर आहे. भारतात धुराचे भारत स्टेज ४ हे नियम १ एप्रिल २०१० पासून फक्त १३ शहरांत आले. महाराष्ट्रातली मुंबई, पुणे आणि सोलापूर त्यात होती, नागपूर नव्हते. देशभर ते लागू झाले १ एप्रिल २०१७ ला. त्यामुळे त्या सात वर्षांतली, एकाच मॉडेलची, एकाच साली घेतलेली दोन वाहने, एक एमएच-१२ पुण्याचे आणि एक एमएच-३२ वर्ध्याचे, आतून सारखीच असतील याची खात्री धरता येत नाही. सेन्सरची संख्या, जोडणी, संगणकाचा प्रोग्राम यांत फरक असू शकतो. पुण्याहून जुनी गाडी आणलेल्या माणसाने स्पेअर पार्टच्या दुकानात नुसते मॉडेल आणि साल सांगून सेन्सर घेऊ नये. चेसिस नंबर दाखवावा किंवा काढलेल्या सेन्सरवरचा नंबर जुळवावा. १ एप्रिल २०२० नंतरच्या भारत स्टेज ६ गाड्यांत हा गोंधळ राहिलेला नाही.

हिंगणघाटच्या बाजारात कापूस नेणाऱ्या शेतकऱ्याला ओल मोजण्याचे यंत्र माहीत असते. भारतीय कापूस महामंडळाची (सीसीआय) खरेदी ८ ते १२ टक्के ओलीच्या हिशेबाने चालते. यंत्राने १५ दाखवले तर दोनच शक्यता असतात: कापूस खरेच ओला आहे किंवा यंत्र खोटे बोलते आहे. यंत्र बदलून ओला कापूस वाळत नाही, आणि यंत्रावर संशय असेल तर तोच कापूस दुसऱ्या यंत्रावर लावून बघता येतो. ऑक्सिजन सेन्सरचेही असेच आहे. तो धुरातला ऑक्सिजन मोजतो. त्याने विचित्र आकडा दिला की आधी धूर खरेच तसा आहे का ते बघायचे, मग सेन्सरची परीक्षा घ्यायची, आणि तो नापास झाला तरच बदलायचा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हा क्रम नेमका उलटा चालतो.

कोड वाचतानाही हीच चूक होते. कोड म्हणजे तक्रारीचा नंबर. कोणता भाग बदलायचा ते तो सांगत नाही. पी ०१३५ आणि पी ०१४१ हे दोन कोड अनुक्रमे वरच्या आणि खालच्या सेन्सरच्या हीटरच्या सर्किटबद्दल बोलतात. सेन्सर लवकर तापावा म्हणून त्याच्या पोटात एक छोटा हीटर असतो. हा कोड आला तर सेन्सरमध्ये खरेच दोष असण्याची शक्यता बरीच असते, तरीही फ्यूज आणि वायर आधी बघावी. पी ०१३३ म्हणजे वरचा सेन्सर हळू प्रतिसाद देतो. ही वय झाल्याची खूण असू शकते. पण पी ०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडते आहे आणि पी ०१७२ म्हणजे जास्त पडते आहे. या दोन कोडवर सेन्सर बदलणे म्हणजे बहुतेक वेळा पैसे वाया. पी ०४२० कन्व्हर्टरचे काम कमी पडते असे सांगतो. हा कोड दिसताच खालचा सेन्सर बदलून बघण्याची पद्धत फार पसरली आहे, आणि ती क्वचितच फळते.

पी ०१७१ वर थोडे थांबू, कारण विदर्भातल्या उन्हाचा आणि या कोडचा जवळचा संबंध आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि बॉनेटखाली त्याहून कितीतरी अधिक. हवा नेणारे रबरी पाइप, ब्रेक बूस्टरकडे जाणारी नळी, इनटेक मॅनिफोल्डचे गॅस्केट हे सगळे काही वर्षांत कडक होतात, तडकतात. त्या फटीतून मोजली न गेलेली हवा इंजिनमध्ये शिरते. धुरात ऑक्सिजन वाढतो, सेन्सर प्रामाणिकपणे तसे सांगतो, संगणक पेट्रोल वाढवत जातो आणि मर्यादा संपली की कोड टाकतो. इथे सेन्सर बदलला तर नवाही तेच सांगणार. इंजिन आयडलिंगवर ठेवून, पंखा आणि पट्ट्यांपासून हात दूर ठेवून, या नळ्यांच्या जोडांवर साबणाचे पाणी शिंपडावे. आवाज किंवा आरपीएम बदलला तर फट तिथेच आहे. काही मिस्त्री यासाठी कार्ब क्लीनरचा फवारा मारतात. तप्त इंजिनवर तो पेट घेऊ शकतो, म्हणून घरी तो प्रयोग करू नये. मोठ्या गॅरेजमध्ये धूर सोडून गळती शोधायचे यंत्र असते, ते उत्तम.

एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. कोड म्हणतो पेट्रोल कमी पडते, पण स्पार्क प्लग काढून पाहिला तर काळाकुट्ट, आणि ॲव्हरेजही घटलेले. हे दोन्ही एकत्र कसे? वरच्या सेन्सरच्या आधी एक्झॉस्टच्या जोडाला फट पडली की असे होते. धूर धक्क्याधक्क्याने बाहेर जातो, मधल्या क्षणी त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सरला ती लागते. संगणक फसतो आणि उगाच जास्त पेट्रोल देतो. सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर टक्‌टक् असा बारीक आवाज येतो आणि गाडी तापली की तो बंद होतो, ही या गळतीची ओळख. शंभर-दोनशे रुपयांच्या गॅस्केटचे काम असते ते.

दुसरे मोठे कारण वायरिंग. सोयाबीन निघाले, कापसाची वेचणी संपत आली, शेते रिकामी झाली की उंदीर घराकडे, गोठ्याकडे वळतात, आणि गरम बॉनेटखालची जागा त्यांना आवडते. सेन्सरची बारीक वायर कुरतडली गेली तर कोड सेन्सरच्याच नावाने पडतो. खालच्या सेन्सरची वायर तर गाडीच्या पोटाखालून जाते. पांदण रस्त्यावरची काळी माती तिच्यावर थापली जाते, पऱ्हाटीचे खुंट तिला ओढतात, पावसाळ्यात कनेक्टरमध्ये पाणी शिरते. वायर तुटलेली सापडली तर जोडताना एक काळजी घ्यावी: बऱ्याच सेन्सरना आतल्या बाजूची साधी हवा वायरच्या तारांमधल्या पोकळीतूनच मिळते. तिथे डाग दिला, म्हणजे सोल्डर केले, किंवा वायरवर ग्रीस, स्प्रे असे काही भरले, तर ती वाट बंद होते आणि चांगला सेन्सर चुकीचे आकडे देऊ लागतो. दाबून बसवायचा जोड वापरावा किंवा कनेक्टरसकट वायर बदलावी. बाहेरून सीएनजी किंवा एलपीजी किट बसवलेल्या गाड्यांत सेन्सरच्या वायरला कापून जोड दिलेला असतो. तिथे तपासणीची सुरुवात त्या जोडापासूनच करावी.

पेट्रोल बदलले आहे, हेही विसरून चालणार नाही. २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्ये देशात आणले गेले आणि आता बहुतेक पंपांवर तेच मिळते. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो, वजनाच्या सुमारे ३५ टक्के. म्हणून जिथे शुद्ध पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते तिथे या मिश्रणाला साधारण १३.५ भाग पुरते. तेवढ्याच हवेसाठी संगणकाला आठ-नऊ टक्के जास्त इंधन सोडावे लागते. सेन्सर असलेली जुनी गाडी हे आपोआप जुळवून घेते, त्यामुळे नुसत्या इथेनॉलने दिवा लागत नाही. पण जुळवून घेण्याची तिची मर्यादा साधारण २० ते २५ टक्के असते, आणि त्यातला बराचसा भाग इथेच खर्ची पडतो. पूर्वी खपून गेली असती अशी छोटीशी हवागळती किंवा थोडा चोंदलेला इंजेक्टर आता दिवा लावायला पुरतो. ‘इथेनॉलने सेन्सर जळला’ असे जे सांगितले जाते त्यातल्या पुष्कळ गाड्यांत खरी गोष्ट ही असते.

हे सगळे अंदाजाने ठरवायची गरज नाही. स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचे एक सॉकेट असते. त्यात बसणारा ब्लूटूथ स्कॅनर हजार रुपयांच्या आतबाहेर मिळतो आणि मोबाइलवर चालणारी ॲपे त्यातून आकडे दाखवतात. कोडपेक्षा हे चालू आकडे जास्त बोलके असतात. त्यात ‘फ्यूएल ट्रिम’ नावाचे दोन आकडे दिसतील, एक तात्पुरता आणि एक दीर्घकाळचा. संगणक मूळ हिशेबापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी देतो आहे, ते यात कळते. उणे-अधिक पाच-सातपर्यंत ठीक. दीर्घकाळचा आकडा अधिक पंधराच्या वर राहत असेल तर हवागळती, फिल्टर, पंप किंवा इंजेक्टर यांकडे बघावे. आयडलिंगला आकडा मोठा आणि २,५०० आरपीएमला खाली येत असेल तर बहुतेक हवागळती. उलट वेग वाढेल तसा आकडा वाढत असेल तर पेट्रोलचा पुरवठा अपुरा.

सेन्सरची परीक्षाही यातच होते. इंजिन तापल्यावर वरच्या सेन्सरचे व्होल्ट ०.१ ते ०.९ यांच्या मध्ये झरझर खालीवर व्हायला हवेत. एकदम रेस दिली की ०.८ च्या वर उडी मारावी. एखादी व्हॅक्यूम नळी क्षणभर काढली की ०.१ कडे कोसळावे. दोन्हीकडे झटकन जाणारा सेन्सर जिवंत आहे, कोड काहीही म्हणो. तो मधेच, ०.४५ च्या आसपास, चिकटून बसत असेल किंवा रेंगाळत असेल तर बदलावा. खालच्या सेन्सरचे व्होल्ट मात्र एका लयीतल्या वेगाला स्थिर असावेत, साधारण ०.६ ते ०.७. तोही वरच्यासारखा नाचू लागला तर कन्व्हर्टर थकला आहे किंवा जवळपास धूर गळतो आहे. त्या नाचणाऱ्या सेन्सरला दोष देऊ नका, त्याने आपले काम चोख केले आहे. बऱ्याच नव्या गाड्यांत वरचा सेन्सर वाइडबँड प्रकारचा असतो. तो व्होल्ट असे नाचवत नाही, थेट प्रमाण सांगतो, म्हणून त्याला ही परीक्षा लावू नये. हीटरचा कोड असेल तर कनेक्टर काढून मल्टिमीटरने हीटरच्या दोन पिनांमधला रोध मोजावा. थंड असताना तो काही ओहम भरतो. मीटरने अमर्याद दाखवले तर हीटर तुटला.

समजा सेन्सर खरेच मेला. तरी तो कशाने मेला हे विचारल्याशिवाय नवा बसवू नये, नाहीतर नवाही मरेल. टोकाचा रंग बरेच सांगतो. मऊ काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त पडत होते. पांढरट भुकटी सहसा सिलिकॉनची असते. टपेट कव्हर किंवा ऑइल पॅन बसवताना साधे सिलिकॉन सीलंट चोपडले गेले की त्याची वाफ धुरात येते. म्हणून इंजिनचे काम करताना सेन्सरला चालणारेच सीलंट मागावे. तपकिरी-राखाडी पापुद्रा म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. कूलंट गळून आत जात असेल तर त्याचाही थर बसतो. ऑक्टेन वाढवतो म्हणून विकल्या जाणाऱ्या काही बाटल्यांत मँगेनीज किंवा लोखंडाची संयुगे असतात, त्यांचा लालसर लेप सेन्सर आणि कन्व्हर्टर दोघांनाही बाधतो. शिशाचे पेट्रोल तर याच कारणासाठी जाऊ शकले: भारतात चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल गाड्यांना १ एप्रिल १९९५ पासून कन्व्हर्टर सक्तीचा झाला, आणि फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. लहान मुलांच्या रक्तात शिसे जायचे थांबले, त्यात या जाळीचाही वाटा आहे.

बसवण्याचे काम सोपे, पण हात जपून. सेन्सरला बहुधा २२ मिलिमीटरचा पाना लागतो. नळी किंचित कोमट असताना तो सहज सुटतो. थंडगार असताना जोर लावला तर आटे निघतात. आट्यांना अँटीसीझ लावावे, टोकाला त्याचा कणही लागू देऊ नये. हातातून फरशीवर पडलेला सेन्सर वापरू नये, आतली चिनीमाती तडकलेली असते. स्वस्तातला, कोणत्याही गाडीला चालतो असे सांगून दिलेला सेन्सर घेऊन वायरी जोडत बसण्यापेक्षा नंबर जुळणारा, ओळखीच्या कंपनीचा घ्यावा. इथे वाचवलेले हजार रुपये टिकत नाहीत.

खालच्या सेन्सरला नळीपासून दूर उचलणारा पोकळ नट बसवून दिवा विझवणे, किंवा कन्व्हर्टर फोडून आतली जाळी काढून टाकणे, हे प्रकार उघड चालतात. जाळीतल्या मौल्यवान धातूंना भाव असल्याने काहींना त्यात रसही असतो. मला हे मान्य नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला सोडून केलेला तो बदल आहे, आणि हवा बिघडवल्याबद्दल कलम १९० खाली दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की शाळेच्या फाटकाशी उभी राहिलेली तशी गाडी त्या मुलांच्या नाकातोंडात विष सोडते. पीयूसीची पावती नीट वाचलीत तर भारत स्टेज ४ आणि ६ च्या पेट्रोल गाड्यांसाठी तिच्यात लॅम्डा नावाचा एक आकडा दिसेल. २,५०० आरपीएमच्या आसपास घेतलेला हा आकडा ०.९७ ते १.०३ मध्ये असायला हवा. इंजिनचे मिश्रण बरोबर आहे की नाही याचा स्कॅनरशिवाय मिळणारा हा एक पुरावा आहे, आणि तो आपण घडी करून डिकीत टाकून देतो.

दिवा स्थिर जळत असेल, गाडी नेहमीसारखी ओढत असेल, तापमान ठीक असेल, तर घाबरून रस्त्यात थांबायचे कारण नाही. घरी पोचा, दोन-चार दिवसांत तपासा. दिवा लुकलुकत असेल, गाडी झटके देत असेल, तर गोष्ट वेगळी आहे. एखाद्या सिलिंडरमधली ठिणगी चुकते आहे आणि न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळते आहे. जाळी वितळून बसायला फार वेळ लागत नाही. समृद्धीवर असाल तर १२० सोडा, वेग कमी करा, सुरक्षित जागी बाहेर पडा आणि गाडी बंद करा. प्लग किंवा इग्निशन कॉइलचा खर्च काही शे ते काही हजार. नव्या कन्व्हर्टरचा अनेक गाड्यांत पन्नास हजारांकडे जातो. लाल रंगाचा ऑइलचा किंवा तापमानाचा दिवा लागला तर मात्र विचार न करता तिथेच थांबायचे.

अमेरिकन व्हिडिओ बघून पेट्रोल टाकीचे झाकण घट्ट केले की दिवा जाईल, असे काही जण सांगतात. तिकडच्या नियमांत टाकीतल्या वाफेची गळती शोधणे सक्तीचे आहे, त्यामुळे सैल झाकणाने तिथे दिवा लागतो. आपले नियम युरोपच्या धर्तीवर आहेत आणि इकडच्या गाड्यांत ती तपासणी सहसा नसते. झाकण घट्ट ठेवावे हे खरेच, पण दिव्याचे कारण तिथे शोधण्यात वेळ घालवू नये. मोटारसायकल आणि स्कूटरलाही २०२० पासून हाच सेन्सर आणि हाच दिवा आला आहे, आणि वर सांगितलेली हवागळती, वायर, एक्झॉस्टच्या जोडाची कारणे तिथेही तशीच लागू पडतात.

वर्धा, आर्वी, पुलगाव, हिंगणघाट इथल्या आमच्या मिस्त्री मंडळींना एक विनंती. हाताने इंजिन ओळखण्यात तुमचा हात धरणारे थोडेच आहेत, आणि आता स्कॅनरही तुमच्याकडे आहे. कोड पुसण्याआधी तो कागदावर उतरवा. त्यासोबत स्कॅनर ‘फ्रीझ फ्रेम’ दाखवतो, म्हणजे दोष पकडला त्या क्षणीचा वेग, आरपीएम, तापमान आणि ट्रिम, तेही लिहा. काम झाल्यावरचे ट्रिम त्याच्या शेजारी लिहा आणि हा कागद बिलाला जोडून द्या. गाडीमालकांनीही तो मागून घ्यावा, काढलेला जुना सेन्सर परत मागावा, आणि दुरुस्तीनंतर एकदा नागपूर किंवा जामपर्यंत एका लयीत गाडी चालवून आणावी. तपासणी पूर्ण होऊन दिवा विझलेलाच राहिला, तर काम झाले.